मुलांच्या घन गाठींवर दोन प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी एकत्र देण्यामागचे शास्त्र काय आहे?

रानजाई

माझ्या बहिणीचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. डाव्या मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतून निघालेला न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांमधील मज्जापेशींचा कर्करोग, हाडांपर्यंत पसरल्याचे निदान गेल्या वर्षी झाले. केमोथेरपी, शस्त्रक्रिया, त्याच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण आणि किरणोपचार, हे सारे त्याने सोसले. तरीही गेल्या आठवड्यातील एमआयबीजी स्कॅनमध्ये (हा आजार शरीरात कोठे आहे ते दाखवणारी तपासणी) उजव्या मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या जरा वर, हरभऱ्याएवढा काळा ठिपका पुन्हा दिसला.

आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी, काढून कर्करोग ओळखण्यासाठी बदलून परत देण्याची पद्धत) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाल्याचे वाचून आम्ही मोठ्या आशेने विचारणा केली. परंतु तो उपचार या आजाराला लागू पडत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आता दोन वेगवेगळ्या रोगप्रतिकारक पेशी एकत्र देण्याविषयी वाचनात येत आहे. एका खासगी केंद्राने तर ‘मिश्र पेशी उपचार’ म्हणून मोठ्या रकमेचा अंदाजही हाती दिला. यामागे खरोखर शास्त्र आहे का, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

पेशीवाचक

ताई, मी डॉक्टर नाही. प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. त्यामुळे बाळाच्या उपचाराचा निर्णय सांगण्याचा मला अधिकार नाही, शास्त्र मात्र सांगू शकतो.

नेक्सकार-१९ मधील टी-पेशी सीडी-१९ ही खूण शोधतात. ही खूण बी-पेशींवर असते, म्हणून तो उपचार बी-पेशींच्या रक्तकर्करोगांसाठी आहे, आणि त्याची मान्यताही १५ वर्षांवरील रुग्णांसाठी आहे. न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींवर सीडी-१९ नसते; तेथे जीडी-२ नावाचा शर्करायुक्त स्निग्ध रेणू भरपूर असतो. रोममधील बाम्बिनो जेझू या बालरुग्णालयात जीडी-२ ओळखणाऱ्या कार-टी पेशी २७ मुलांना देण्यात आल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार १७ जणांमध्ये प्रतिसाद दिसला आणि त्यांपैकी ९ जणांमध्ये आजाराचा मागमूस उरला नाही. ज्यांच्या शरीरात आजार थोडा शिल्लक होता, त्यांना लाभ अधिक झाला. घन गाठींच्या बाबतीत हे यश मोठे आहे, आणि तरीही दहा मुलांना त्याचा उपयोग झाला नाही. पेशी एकत्र देण्याचा विचार या उरलेल्या मुलांसाठीच आहे.

रक्तकर्करोगाच्या पेशी रक्तात आणि अस्थिमज्जेत सहज गाठता येतात; घन गाठ मात्र स्वतःभोवती पहारा बसवते. शरीरातल्याच काही मायलॉइड पेशी आणि मॅक्रोफेज गाठीत मुक्काम करतात आणि आत शिरलेल्या टी-पेशींना निष्प्रभ करतात. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील बेलर कॉलेजच्या संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांवर दाखवून दिले, की विशिष्ट ग्राही (खूण ओळखणारा रेणू) बसवलेल्या एनके पेशी, म्हणजे नैसर्गिक मारक पेशी, त्या दडपणाऱ्या मायलॉइड पेशींना मारतात आणि मग जीडी-२ कार-टी पेशींचा जोर परत येतो. एकाने पहारेकऱ्यांना दूर करावे आणि दुसऱ्याने गाठीवर चालून जावे, अशी ही कामाची वाटणी आहे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. गाठीतील सगळ्या पेशी सारख्या नसतात. काहींवर जीडी-२ कमी असते, आणि अशा पेशी कार-टीच्या तावडीतून निसटतात. न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी एमएचसी-१ हे स्वतःचे ओळखपत्रही बहुधा फार थोडे बाळगतात. सर्वसाधारण टी-पेशींना त्यामुळे त्या दिसत नाहीत, पण ओळखपत्र नसलेल्या पेशीवर तुटून पडणे हा तर एनके पेशींचा स्वभावच आहे.

मुलांमध्ये असा संयोग काही प्रमाणात करून पाहिलेला आहे. अमेरिकेतील सेंट ज्यूड रुग्णालयाने २०१७ मध्ये १३ मुलांचा अहवाल दिला. आजार उलटलेल्या किंवा न हटलेल्या या मुलांना केमोथेरपी, जीडी-२ विरोधी प्रतिपिंड (जीडी-२ ला चिकटून त्या पेशीकडे प्रतिकारक पेशींना वळवणारे औषध) आणि आई किंवा वडिलांच्या रक्तातून घेतलेल्या एनके पेशी एकत्र देण्यात आल्या. ८ मुलांमध्ये प्रतिसाद मिळाला. मात्र तिन्ही गोष्टी एकदम दिल्यामुळे श्रेय कोणाचे किती, हे त्यावरून ठरवता येत नाही. कार-टी आणि कार-एनके (तशाच बदललेल्या एनके पेशी) या दोन्ही पेशी एकाच मुलाला देणे ही अजून चाचण्यांच्या पातळीवरची गोष्ट आहे. रुळलेला उपचार म्हणून ती कोणी विकत असेल, तर सावध राहावे.

अबोली

मी इंग्लंडमध्ये राहते. माझ्या मुलीला जीडी-२ विरोधी प्रतिपिंडाचे पाच कोर्स मिळाले. प्रत्येक वेळी दहा दिवस अखंड थेंब थेंब औषध चालू असे. जीडी-२ हा रेणू वेदनेच्या मज्जातंतूंवरही असतो, हे मला पहिल्या रात्री समजले. अंगावरची चादरसुद्धा तिला सहन होईना, आणि परिचारिकेने मॉर्फिनची मात्रा वाढवल्यावर पहाटे कोठे तिचा डोळा लागला. ताई, भाच्याला हे प्रतिपिंड मिळाले आहे का, ते आपण लिहिलेले नाही. मिळाले नसेल, तर पेशींच्या आधी त्याविषयी विचारावे. ज्या उपचाराचा लाभ मोठ्या चाचणीत सिद्ध झाला आहे, तो राहून जाऊ नये, एवढीच माझी कळकळ आहे.

सुईदोरा

मी रक्तपेढीत काम करते. पेशी वेगळ्या करण्याच्या यंत्रावर माझी नेमणूक असते. पंधरा किलोच्या मुलाच्या शरीरात रक्त जेमतेम लिटरभर असते, त्यामुळे यंत्राच्या नळ्या आधी दात्याच्या लाल पेशींनी भरून घ्याव्या लागतात, नाही तर मूल कोसळू शकते. मूल तीन-चार तास हलता येत नाही म्हणून रडते आणि आई त्याचा पाय धरून बसते. इतके करूनही, वारंवार केमो झालेल्या मुलांच्या टी-पेशी अनेकदा थोड्या आणि थकलेल्या निघतात. भाच्यासाठी पुढे कार-टी चाचणीचा विचार होण्याची शक्यता असेल, तर पुढची केमो सुरू होण्याआधी पेशी काढून गोठवून ठेवाव्यात का, हे डॉक्टरांना आताच विचारावे. एनके पेशी आई-वडिलांकडून घेता येतात, हा त्यांचा मोठा फायदा आहे.

त्या खासगी केंद्राला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: या पेशी गाठीवरील कोणती खूण ओळखतात, आणि चाचणीचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक काय आहे.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. अबोलीताई, प्रतिपिंड मिळालेले नाही. खर्चाचा आकडा ऐकून तो विषय तेव्हा मागे पडला होता. केंद्राला आज सकाळी फोन केला, तेव्हा ‘पेशी सगळ्याच कर्करोगांवर चालतात’ एवढेच उत्तर मिळाले, नोंदणी क्रमांक मिळाला नाही. तेथे आम्ही जाणार नाही. गुरुवारी डॉक्टरांची भेट आहे. प्रतिपिंड आणि पेशी गोठवून ठेवणे, हे दोन्ही प्रश्न बहिणीने वहीत लिहून घेतले आहेत.