मदत हवी आहे: उताराच्या काळ्या रानात नांगरट कशी करावी?

नमस्कार मंडळी. राहायला इंदूरात, शेत महूच्या पुढे मानपूरच्या अंगाला. काळी जमीन, 100 फुटांना 3 फूट उतार, खाली नाला. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू. रान बटईने दिलंय. बटईदार भाऊ कष्टाळू आहेत, पण ट्रॅक्टर चालतो तो उतारानेच, कारण तसं तास (नांगराची ओळ) लांब मिळतं, वळणं कमी पडतात. उन्हाळ्यात पलटी नांगर, मग रोटाव्हेटर मारून मातीचा पार भुगा. पहिल्या जोराच्या पावसात तासातासातून गढूळ पाणी थेट नाल्यात! वर मुरूम उघडा पडू लागलाय आणि खालच्या कोपऱ्यात पाणी साचून सोयाबीन पिवळं पडतं.

काका म्हणतात, उन्हाळी नांगरटीशिवाय तण आणि किडींचे कोष मरत नाहीत. शेजारी म्हणतात, नांगरूच नका, गव्हाच्या काडात थेट पेरा. आडवी पेरणी करावी, तर काळ्या जमिनीत सऱ्या तुंबून फुटतील आणि घळ पडेल, ही धास्ती. कोणी केलंय का हे मालव्यात?

काळीमाती:
आधी दिशा बदला, नांगराचं नंतर बघू. धास्ती मात्र रास्त आहे. काळी माती कोरडी असताना भेगांमधून पाणी पिते. एकदा फुगून भेगा मिटल्या की मुरणं जवळजवळ थांबतं. म्हणून तास अगदी समपातळीत नको, आडवंच पण किंचित ढाळाचं हवं: 100 मीटरला 40 ते 80 सेंटिमीटर. तास जिथे संपतं तिथे गवत राखा, पाणी तिथून सावकाश उतरू द्या. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेची रुंद वरंबा-सरी (बीबीएफ) अशाच जमिनीसाठी आहे, मीटरभर वरंबा आणि अर्धा मीटर सरी. खंड पडला तर ओल टिकते, झड लागली तर पाणी निघून जातं. तुमच्या पिवळ्या कोपऱ्यालाही तेच औषध. खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेत बीबीएफ पेरणीयंत्राची चौकशी करा.

काकांचंही खोटं नाही, पण खोल नांगरट दर साल कशाला? तीन वर्षांतून एकदा पुरे, तीही आडवी, आणि ढेकळं तशीच पडू द्या, पाणी अडवतात. खरा वैरी रोटाव्हेटर. त्या भुग्यावर थेंबांचा मार बसला की वर पापडी धरते, मग हलका पाऊसही वाहून जातो. आणि नरवाई, म्हणजे गव्हाचं उभं राहिलेलं काड, पेटवू नका हो, काड पसरून ठेवलं तर तो मार तेच झेलतं.

धागाकर्ता:
आभार! ढाळ मोजायला गवंड्याची पाण्याची नळी चालेल का? आणि बटईदार भाऊंना वळणांचं डिझेल कोणी द्यायचं, हा पेच उरतोच.

काळीमाती:
नळी उत्तम. लांबीला फार कमी पडली तर टप्प्याटप्प्याने खुंट्या ठोकत जा. डिझेलचं म्हणाल, तर रोटाव्हेटरची एक पाळी वाचेल, तो हिशेब त्यांच्यासमोर मांडा. वाहून जाणारी माती तुमची आहे, तेव्हा उरलेला फरक तुम्हीच सोसा.