अनुभव धागा: ग्रीक-लॅटिन मुळं आणि तुम्ही

भाची फिजिओच्या पहिल्या वर्षाला आहे. काल दिवाणभर हाडं पसरून तिचा जप चाललेला, आणि मला आमचं हॉस्टेल आठवलं. लोडशेडिंग, मेणबत्ती, मांडीवर कवटी! अ‍ॅनाटॉमीच्या मॅडम शब्द फोडून सांगायच्या. पॅटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी ताटली. आपणही गुडघ्याची वाटीच म्हणतो की! नडगीचं हाड टिबिया, म्हणजे पावा. कण्याच्या टोकाचं कॉक्सिक्स म्हणजे ग्रीक कोकीळ, हाड तिच्या चोचीसारखं म्हणून. आपल्याला तिथे माकड दिसलं. तुम्हाला कुणी असं शिकवलं का? लिहा.

मेथीची_जुडी: कुठलं काय. घोका आणि ओका.

लंगडी_पोळी: मसल = मुस्क्युलस = छोटा उंदीर. जिममध्ये सांगितलं, तेव्हापासून मला मूषकराज म्हणतात 😭

खडूस_काका: आपल्याकडे दंडात बेटकुळी असते, बेडूक. उंदराला जागा नाही.

रविवारची_झोप: सप्टेंबर म्हणजे सातवा, मग नववा का, असं विचारलं तर सर म्हणाले खाली बस. रोमन वर्ष आधी मार्चपासून सुरू व्हायचं, हे नंतर कळलं. सेप्टेम-सप्त, ऑक्टो-अष्ट, नोव्हेम-नव, डेकेम-दश. भाषापंडित विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळाच्या म्हटलं ते उगीच नाही. (कुकर झाला, येते)

खडूस_काका: आता कुणीतरी टाकेलच, की रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा म्हणून सॅलरी. शब्द मिठावरून आलाय हे खरं, पण पोतं भरून मीठ वाटायचे याला पुरावा नाही.

लंगडी_पोळी: आमचे साहेब देतात ना. अप्रेझलला, जखमेवर.

जास्वंद: सासूबाईंच्या फाइलवर 'कोलेसिस्टेक्टॉमी' बघून माझे पायच गळाले. सिस्टरने तिथेच फाइलच्या पाठीवर पेनने तुकडे करून दाखवले. कोले म्हणजे पित्त, सिस्ट पिशवी, एक्टॉमी कापून काढणं. सगळं ग्रीक. मग अपेंडेक्टॉमी, टॉन्सिलेक्टॉमी आपोआप कळायला लागलं. वॉर्डभर पाट्या वाचत हिंडले.

मेथीची_जुडी: अगं, कशा आहेत आता? माझ्या आईलाही खडे निघालेत. तेलकट बंद करायला सांगितलंय, ऐकत नाही.

जास्वंद: ठणठणीत. काल चोरून वडापाव. तुझ्या आईंची सोनोग्राफी झाली का? व्यक्तिगत निरोप कर, आमच्या सर्जनचा नंबर देते.