सबवूफर १ ओहमवर लावायचा की ४ वर? (कंपनीनेच दिलेला अल्टरनेटर असलेल्या गाडीत)

उद्यमनगरकर:
मित्राच्या हॅचबॅकमध्ये २+२ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) दोन कॉइलचा सबवूफर, म्हणजे खोल बेसचा स्पीकर, आहे. पॅरलल जोडला की १ ओहम, सिरीजमध्ये ४. दुकानदाराने १ वर लावून दिला. आता रात्री दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी आयडलिंगला असली की बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात.

माझं स्पष्ट मत, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) बदलायचा नसेल तर १ ओहम नकोच. हिशेब बघा. १ ओहमवर अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) १००० वॅट देतो. क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) असला तरी ७५ टक्के कार्यक्षमता धरा, म्हणजे बॅटरीकडून १३३३ वॅट. १३.८ व्होल्टला ते ९७ अँपिअर होतात. तोच अ‍ॅम्प ४ ओहमवर ३५० वॅट देतो आणि ३० अँपिअरच्या आसपास भागवतो. गाडीचा अल्टरनेटर ९० अँपिअरचा, आयडलिंगला त्याच्या निम्मेही देत नाही. त्यातच हेडलाइट, एसी, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळं चालवायचं. आणि एवढं करून आवाज वाढतो किती? साडेचार डेसिबल. दुप्पट वाटायला साधारण १० लागतात.

शाहूपुरी_बेस:
भावा, करंट ओहम खात नाहीत, वॅट खातात. गेन (इनपुट सिग्नल किती वाढवायचा त्याची सेटिंग) कमी ठेवून १ ओहमवरही ३५० वॅटच काढले तर अल्टरनेटरला फारसा फरक पडत नाही. शिवाय तू धरलेले ९७ अँपिअर सलग साइन वेव्हचे आहेत. गाण्यात सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच राहते. आणि बॉक्समध्ये बसवलेल्या सबवूफरचा इम्पीडन्स (गाणं वाजताना होणारा प्रत्यक्ष अडथळा) काही फ्रिक्वेन्सींना कित्येक पट चढतो, मल्टिमीटरवर दिसतो तो फक्त कॉइलचा डीसी रेझिस्टन्स. मित्राची खरी अडचण वायर आणि अर्थिंगची असणार. पातळ वायर बदला, अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून बोल्ट घट्ट करा, मग बोला.

उद्यमनगरकर:
सरासरीचं मान्य. पण हेडलाइट सरासरीला मंद होत नाहीत, ठोक्याला होतात. त्या क्षणाची कमतरता बॅटरीच भरून काढते आणि व्होल्टेज १४ वरून साडेबाराच्या खाली येतं.

आणि तेवढ्याच ३५० वॅटचं म्हणशील, तर ४ ओहमला ९.४ अँपिअर आउटपुटमधून जातात, १ ओहमला १८.७. करंट दुप्पट, म्हणून त्याच ट्रान्झिस्टरांत आणि स्पीकरच्या वायरीत उष्णता चौपट. उन्हात तापलेल्या डिकीत अ‍ॅम्प थर्मलला जातो (तापून स्वतःच बंद पडतो) तो यामुळेच. इम्पीडन्स चढतो हे खरं, पण वायर, फ्यूज आणि अ‍ॅम्प निवडायचे ते सगळ्यात खालच्या आकड्यावर.

कसबा_बावडा_वायरमन:
दोघांनीही आधी वायरचा गेज (जाडी) विचारायला पाहिजे होता. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा बराच जास्त व्होल्टेज खाते, आणि किटमध्ये बहुतेक तीच येते. गाडी चालू ठेवून, गाणं वाजताना आधी बॅटरीवर आणि मग अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर शाहूपुरीवाल्यांचं बरोबर, वायर बदला. बॅटरीवरच पडत असेल तर सबवूफर सिरीजमध्ये जोडा.

शाहूपुरी_बेस:
हे पटलं. पण अ‍ॅम्प १ ओहमला स्टेबल (न बिघडता चालणारा) असेल तर मी १ वरच ठेवणार, गेन स्कोपवर (सिग्नलची लाट दाखवणारं यंत्र) लावून. ताकद हाताशी असली की क्लिपिंग (ताकद संपल्यावर आवाजाची लाट कापली जाणं) टळतं.

उद्यमनगरकर:
स्कोपवर लावणारे किती? बहुतेक जण कानाने लावतात, आणि कान नेहमी वरच नेतो. मित्राची गाडी मी ४ वर करायला सांगतोय. बॅटरी आणि अ‍ॅम्पवरचे आकडे मोजून इथेच टाकतो.