केबल माझी आणि चूक पण माझीच?

शिवारफेरी
काल एका साहेबांनी लिहिलंय, "शेतातली चोरी हे शेतकऱ्याच्याच बेफिकिरीचं फळ आहे. हजारोंचा माल उघड्यावर टाकून घरी झोपायचं, कॅमेरा लावायचा नाही, पोलिसात जायचं नाही, आणि मग सरकारच्या नावानं बोंब मारायची." खाली दोन ओळीत उत्तर देणार होतो पण डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

सव्वा वर्षात माझी विहिरीच्या मोटारीची केबल तीनदा गेली. तिसऱ्यांदा तर स्टार्टरची पेटी पण गेली, खिळ्यासकट उपटून. सकाळी जाऊन बघतो तर विहिरीच्या कडेला केबलचं टोक लोंबतंय, काकडी चिरावी तसं सरळ कापलेलं. कुऱ्हाडीचा घाव नाही, मोठा कटर होता. मोटारीचा दोर तेवढा शाबूत ठेवला (उपकारच म्हणायचे). पुढं ओढ्यात दगडाआड काळा डाग, वरचं प्लॅस्टिक जाळून नुसतं तांबं नेलेलं. राखेला हात लावला तर अजून कोमट. म्हणजे मी घरी चहा पीत होतो तेव्हा हे लोक तिथं निवांत शेकत बसले होते.

दोनशे फूट केबल मला साडेआठ हजाराला पडली. चोराला भंगारात तीन-साडेतीन हजार सुटले असतील. आणि एप्रिल महिन्यात चार दिवस पाणी नाही, मोसंबीची फळं सुपारीएवढी, झाडाखाली सडा पडला त्याचा हिशोब कोण धरणार.

पोलिसात जात नाही म्हणता ना, गेलो की. समोरचा म्हणाला केबल वापरलेली आहे, चार हजार लावू. आता त्यातली गोम ऐका. 1 जुलै 2024 पासून जो नवा फौजदारी कायदा आलाय त्यात पाच हजाराच्या आतली चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे एनसी लिहून घ्यायची, कागद हातात द्यायचा, मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास नाही. चार हजार लिहिलं की त्यांच्या डोक्याचा ताप गेला. आणि कॅमेरा? आमच्या शेजाऱ्यानं सिमकार्डवाला सोलरचा कॅमेरा लावला होता. आठव्या दिवशी कॅमेराच गेला. मोबाईलवर आलेला शेवटचा फोटो म्हणजे कॅमेऱ्यावर टाकलेली गोणी. युरियाची होती एवढं कळलं.

पुणेकर_जावई
ते साहेब मीच. मी काही एसीत बसून लिहिलेलं नाही, सासऱ्यांची चार एकर मीच बघतो, माझे पण स्प्रिंकलरचे नोझल गेलेत, दोन वेळा. तरी म्हणणं तेच. आपण पन्नास हजाराची गाडी घेतली तर कुलूप लावतो, विमा काढतो, आणि तेवढ्याच किमतीची मोटार, केबल, स्टार्टर रानात ठेवून वर एक फुटका पत्रा टाकतो. मोटारीचा नंबर कुणाला पाठ आहे? बिल कुणी जपलंय? आणि मला सांगा, कुठल्या विहिरीत किती फूट केबल आहे, कुणाकडं राखणीला कुत्रं नाही, हे परक्या माणसाला कसं कळणार? चोर गावातलाच असतो. ते बोलायची हिंमत नाही म्हणून सगळे पोलिसांच्या नावानं खडे फोडतात.

खाकीच्या_घरातली
माझे मिस्टर याच खात्यात आहेत त्यामुळे आता मला शिव्या बसणार, चालेल. एका बीटला बारा-पंधरा गावं, रात्रीला दोन माणसं, त्यातला एक कुठल्यातरी बंदोबस्ताला गेलेला. एनसीचा मुद्दा बरोबर आहे, पण चार हजार लिहायचा दोष एकट्या पोलिसांचा नाही, माणूस बिल आणत नाही तर किंमत कशावरून लावायची? आणि बरं, माल सापडला तरी ओळखायला कोण येतं. ठाण्याच्या आवारात मोटारी गंजून पडल्यात, नंबर घासलेले. बिल घेऊन कोर्टातून सुपूर्दनाम्यावर घेऊन जा म्हणलं की हेलपाटे नको म्हणून लोक परत फिरकत नाहीत. जावईबुवांचं एक खरं आहे, निम्म्या तक्रारी मागं घेतल्या जातात कारण नाव भावकीतलं निघतं. शिवारफेरी दादा, तुमच्या केबलचं बिल होतं का?

कांदा_आणि_वांदा
सगळ्यात मोठी शेतचोरी 8 डिसेंबर 2023 ला झाली, दिवसाढवळ्या. कांदा निर्यातबंदी. मे 2024 पर्यंत चालू होती. त्याची एनसी कुठल्या ठाण्यात करायची ते ताईंनी सांगावं.

पुणेकर_जावई
आला. हा माणूस लग्नाच्या पंगतीत पण कांदाच काढतो.

कांदा_आणि_वांदा
काढणारच. काढायला पण मजूर मिळत नाही.

डाळिंबवाला_सांगोला
मूळ मुद्द्यावर या. एवढं सगळं लिहिलं पण खरं कुणी बोलत नाही. आमच्याकडं सरळ हिशोब आहे, माळावर फिरस्त्यांचं पाल पडलं की आठ दिवसात कुणाचं तरी काहीतरी जातं. मागच्या हंगामात माझी तीस क्रेट डाळिंबं झाडावरून गेली, अगदी तोडणीच्या आदल्या रात्री. फांद्या ओरबाडल्या त्या वेगळ्याच. त्याच आठवड्यात ओढ्याला पालं होती. हा काय योगायोग का?

पालावरून_पदवीपर्यंत
ही कमेंट येणार हे मला पहिल्या ओळीलाच माहीत होतं, फक्त कोण टाकतंय याची वाट बघत होतो. डाळिंबवाले भाऊ, तीस क्रेट म्हणजे किती वजन होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पालावरचा माणूस ते कशावर नेणार, गाढवावर? आणि विकणार कुठं, बाजार समितीत त्याच्या नावाची पट्टी कोण फाडतो? तीस क्रेट न्यायला पिकअप लागतो, आडत्याची ओळख लागते, आणि तोडणी उद्या आहे ही बातमी लागते. हे तिन्ही ज्याच्याकडं आहे तो तुमच्या बांधाला बांध लावून बसलेला असतो. इंग्रजांनी 1871 ला कायदा करून आख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं चोर ठरवल्या, 1952 ला तो कायदा गेला, पण तुमच्या गावाला बहुतेक अजून गॅझेट पोचलं नाही.

डाळिंबवाला_सांगोला
इतिहास नका शिकवू. माझं दीड लाखाचं नुकसान झालं ते तुम्ही भरून देणार का? जात कुणी काढली, मी पाल म्हणालो.

पालावरून_पदवीपर्यंत
पाल म्हणजे काय बंगला असतो का सगळ्या जातींचा? मी सातवीत असताना गावात शेळी हरवली. आमच्या पालातली भांडी, गोधड्या, आईची पेटी सगळं बाहेर रस्त्यावर ओतलं. पेटीत काय होतं, माझा शाळा सोडल्याचा दाखला आणि अर्धा किलो साखर. साखर मातीत गेली. शेळी संध्याकाळी स्वतःच्या पायानं घरी आली. कुणी सॉरी म्हणायला आलं नाही, शेळीपण नाही.

रानमेवा
विषय बदलतोय असं वाटेल पण आमच्या आजोबांच्या काळात वाटसरूनं कणीस मोडलं, ऊस खाल्ला तर कुणी हटकत नव्हतं. पोटात घाल, ओटीत नको, एवढाच नियम. ते दिवस गेले.

शिवारफेरी
केबल कुणी पोटात घालत नाही हो.

गस्तवाला
आम्ही उपाय केलाय तो सांगतो. गावातली वीस पोरं, चार-चारची टोळी, रात्री अकरा ते चार फेरी. काठ्या, बॅटरी, शिट्टी. दोन महिने झाले एक नोझल गेलं नाही. पोलीस पाटलांना सांगून करतो. अनोळखी गाडी दिसली की थांबवायची, उत्तर नीट आलं नाही की पुढचं पोरं बघतात.

पालावरून_पदवीपर्यंत
"पुढचं पोरं बघतात" म्हणजे काय बघतात?

खाकीच्या_घरातली
मला पण हेच विचारायचंय. दादा, राईनपाडा आठवतंय का, धुळे जिल्हा, 1 जुलै 2018. मुलं पळवणारे म्हणून पाच जणांना ठेचून मारलं, भिक्षा मागणारे होते, मंगळवेढ्याकडचे. एप्रिल 2020 ला पालघरमध्ये गडचिंचले, चोर आल्याची अफवा, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेला, पोलीस समोर असताना. तिथल्या लोकांना पण आपण गाव राखतोय असंच वाटत होतं. गस्त घाला, कोण नको म्हणतंय, पण पोरांची नावं ठाण्यात द्या, ग्रामसुरक्षा दल म्हणून रीतसर नोंद करा. माणूस धरला तर बसवून ठेवा आणि फोन करा.

गस्तवाला
फोन केला तर दीड तासानं गाडी येते. तोपर्यंत त्याला काय पोहे द्यायचे?

पालावरून_पदवीपर्यंत
हो. द्या. आम्ही रात्री कामावरून येतो हो त्याच रस्त्यानं, उसाची टोळी सुटली की. नीट उत्तर म्हणजे तुमच्या भाषेत, तुमच्या उच्चारात, न घाबरता. चार काठ्या समोर असताना द्या बघू तुम्ही.

गस्तवाला
आमच्यात असं काही झालेलं नाही अजून. उगाच आम्हाला खुनी ठरवू नका. रात्रीची झोप मोडून फुकट फिरतो आम्ही. बरं, नोंदीचं बघतो. शिट्टी तरी चालेल ना ताई, का तिची पण परवानगी लागते?

शिवारफेरी
मी धागा तांब्यासाठी काढला होता, तुम्ही त्यात सगळं गाव आणलं. आता एक गोष्ट सांगतो, सांगायची नव्हती. दुसऱ्यांदा केबल गेली तेव्हा मी पण पालांकडंच बोट दाखवलं होतं. नंतर कळलं, आमच्या चुलत घरातलं पोरगं, ऑनलाईन गेममध्ये पैसे घालवून बसलेलं. नाव कुणी घेतलं नाही, मीपण घेतलं नाही, चुलत्यानं नवी केबल आणून दिली आणि विषय मिटवला. त्यामुळं जावईबापूंचा तेवढा मुद्दा मान्य, तोंड वाकडं करून मान्य. पण पोरगं असो नाहीतर टोळी, जळकं तांबं घेणारा एकच आहे, तालुक्याच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमधला. शेतकऱ्याच्या घरात जाळलेलं तांबं कुठून येतं हे त्याला विचारलंय का कुणी कधी? चोरीचा माल घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, जुन्या कायद्यात 411 होतं, आता 317. त्या शेडवर एक धाड घाला, माझा कॅमेऱ्याचा खर्च वाचेल.

खाकीच्या_घरातली
317 ला माल चोरीचा आहे हे त्याला माहीत होतं, निदान तसं वाटायला कारण होतं, हे सिद्ध करावं लागतं. तांब्यावर नाव नसतं. तरी भंगारवाल्यानं विकणाऱ्याचं आधार आणि नोंद ठेवलीच पाहिजे असं सक्तीनं केलं तर फरक पडेल, हे मी घरी पण बोलते. ऐकत कोण नाही.

डाळिंबवाला_सांगोला
पिकअपचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. बाकी मतावर ठाम आहे.

पालावरून_पदवीपर्यंत
म्हणजे तीस क्रेटमधलं एक क्रेट तुम्ही परत केलंत. आभारी आहे.

पुणेकर_जावई
चला, कॅमेऱ्याचं मी मागं घेतो, गोणीपुढं इलाज नाही. बेफिकिरी शब्द पण कडक झाला असेल. पण बिलाचं सोडत नाही. ताईंनी विचारलेलं त्याचं उत्तर शिवारफेरींनी दिलंच नाही. बिल होतं का नव्हतं?

शिवारफेरी
होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, नीट जपून ठेवलेलं.

पुणेकर_जावई
मग दाखवलं का नाही?

शिवारफेरी
स्टार्टरच्या पेटीत ठेवलं होतं.