अल्टरनेटर खोलण्याचा क्रम आणि कुठे थांबायचं

चक्रधर_०७
गाड्यांचे वापरलेले अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारी जनित्रं) मिसळून येतात. काही रीमॅनला (दुरुस्त करून पुन्हा नव्यासारखे करायला), बाकी भंगारात. सध्या जुळणीचा क्रम उलटा धरून खोलतो: पुली, हाऊसिंगचे दोन भाग जोडणारे चार लांब बोल्ट, रोटर (आत फिरणारा भाग), शेवटी मागचं कव्हर, ब्रश (रोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग). अडचणी दोन. सगळं खोलल्यावर कळतं की रोटर जळालाय. शिवाय लांब बोल्ट तुटून हाऊसिंग वाया जातात. क्रम कसा लावावा?

पुली_पट्टा
जुळणीचा क्रम विसरा. कशाआधी काय निघालंच पाहिजे, एवढंच कागदावर मांडा. कव्हर निघाल्याशिवाय ब्रश होल्डर नाही, स्टेटरच्या (न फिरणाऱ्या कॉइलच्या) तारा सोडवल्याशिवाय रेक्टिफायर नाही, पुली निघाल्याशिवाय पुढच्या हाऊसिंगमधून रोटर नाही. पण पुली आणि ब्रश यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही! मग ज्या कामातून निकाल लवकर कळतो, ते पुढे घ्या.

कव्हर आणि ब्रश होल्डर काढले (बहुतेक मॉडेलांत दोन-तीन स्क्रू) की स्लिप रिंगांपर्यंत (रोटरच्या शाफ्टवरच्या, ब्रश टेकतात त्या कड्या) मीटरची टोकं पोचतात. रिंगांवरची काजळी आधी बारीक पॉलिश पेपरने काढा, नाहीतर चांगला रोटरही बाद ठरेल. १२ व्होल्टच्या रोटरला रिंग ते रिंग साधारण २ ते ५ ओहम यायला हवेत. मीटर 'ओपन' दाखवत असेल तर तार तुटलीय. फारच कमी आले तर वेढे शॉर्ट. रिंग आणि शाफ्टमध्ये मात्र ओपनच हवं. ब्रश आधी निघाल्याने पुढे रोटर ओढताना ते अडकून तुटतही नाहीत.

गंजतेल
बोल्टांचं कारण स्टील-अॅल्युमिनियमची जोडी. ओल लागली की अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते आणि बोल्ट पिळून तुटतो. माल उतरवतानाच बोल्टांना गंज सोडवणारं तेल द्या, रात्रभर मुरू द्या. त्यात वेळ जातो, माणूस अडकत नाही. तरीही हलला नाही तर आट्यांच्या बाजूचं हाऊसिंग हॉट एअर गनने १०० अंशांच्या आसपास तापवा. अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. आधी किंचित आवळा, मग सोडवा. इम्पॅक्ट गन एकदम मारू नका. तापवण्याआधी रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) आणि रेक्टिफायर बाहेर हवेत, हे बंधनही तुमच्या कागदावर लिहा. अडलेला नग लाइनवर ठेवू नका, बाजूच्या बाकावर टाका. एका बोल्टापायी मागची सगळी रांग थांबते.

चक्रधर_०७
रोटर बाद निघाला तर तिथेच थांबायचं?

पुली_पट्टा
प्रत्येक टप्प्यावर एकच हिशोब: पुढच्या कामातून सुटणाऱ्या भागाची किंमत, वजा त्याची भंगार म्हणून मिळणारी किंमत, वजा मजुरी. उणे आलं की थांबा. रेक्टिफायर आणि पुढचं हाऊसिंग चांगलं असेल तर रोटर मेला तरी पुढे जाणं परवडतं.

भंगारालाच जायचं असेल तर पान्हा ठेवून द्या, बोल्ट कापा. मात्र धातू वेगळे करा, हे कृपया टाळू नका. स्टील वितळवताना त्यातलं तांबं निघत नाही आणि गरम रोलिंगमध्ये पृष्ठभागाला तडे जातात. अॅल्युमिनियममध्ये स्टीलचे बोल्ट राहिले तर लोखंड वाढून ओतीव भाग ठिसूळ होतो. स्टेटरचं तांबं दिसतं म्हणून सगळे काढतात, रोटरचं त्याच्या दोन लोखंडी पंजांच्या नखांच्या आत दडलेलं राहतं: शाफ्ट हायड्रॉलिक प्रेसने दाबून काढला की दोन्ही पंजे सुटतात आणि कॉइल अख्खी हातात येते.

गंजतेल
पुलीबद्दल राहिलं. फ्री-व्हील पुलीवर (एकाच दिशेने पकड घेणारी पुली) नेहमीचा नट नसतो. ३३ दात्यांचं सॉकेट आणि शाफ्ट धरायला आतून बिट लागतं. ते नग वर्गवारीतच वेगळे काढा, म्हणजे बाकावर दरवेळी हत्यार बदलावं लागणार नाही.