जुन्या घरगुती जाहिरातींतल्या बायका: ललिताजी, निरमा, शिलाई मशीन वगैरे

मधली_सुट्टी:
मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत आजीच्या माळ्यावरून जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा निघाला. कथा वाचायच्या सोडून मी दोन तास जाहिरातीच बघत बसले. साबण, वनस्पती तूप, स्टोव्ह, कुकर, शिलाई मशीन, काहीही असो, चित्रात एक बाई असतेच, केस एकदम नीट, साडीची घडी मोडलेली नाही आणि कपड्यांच्या ढिगाकडे बघून हसतेय!! आमच्या आईला कपडे धुताना हसताना मी तरी कधी बघितलं नाही बुवा. मग टीव्हीवरच्या आठवल्या. त्यातल्या त्यात सर्फ पावडरच्या जाहिरातीतली ललिताजी बरी वाटते, पण तिलाही भाव काय नि पावडर कुठली एवढंच कळतं असं दाखवलंय ना? तुम्हाला काय वाटतं आणि तुमच्या घरी तेव्हा हे सगळं कसं होतं?

निवांत७२:
ललिताजीवर अन्याय करू नका हो. आधी ती का आली ते बघा. करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत १९६९ मध्ये निरमा सुरू केली, सायकलवरून दारोदार विकायचे, आणि नाव मुलीचं, निरुपमाचं. भाव सर्फच्या तुलनेत इतका कमी की मध्यमवर्गानं सरळ पावडर बदलली. सर्फला स्वस्त होणं परवडणारं नव्हतं, म्हणून लिंटास या जाहिरात कंपनीच्या अलेक पदमसींनी भाव करणारी बाईच पुढे आणली, आणि ही बाई आपल्या आईवरून सुचली असं ते सांगायचे. त्या जाहिरातीत पडद्यामागचा पुरुष विचारतो, एवढा भाव करता मग महागडी पावडर का घेता, आणि ती त्याला 'भाईसाब' म्हणून हिशोब समजावते. बाकी सगळीकडे पुरुषाचा आवाज बाईला शिकवतो, इथे शिकवणारी ती आहे. ललिताजी झालेल्या कविता चौधरीनं नंतर 'उडान' मालिकेत आयपीएस अधिकारी केली, ती पण स्वतःच्या सख्ख्या बहिणीवरून (कांचन चौधरी, ज्या २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या), तरी लोक तिला ललिताजीच म्हणायचे. २०२४ मध्ये गेली तेव्हाही बातम्यांत आधी ललिताजीच.

चकली_भाजणी:
निवांतकाका, माहिती भारी, पण ती हुशार असली तरी कपडे कोण धुणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही ना. आणि ती दुसरी आठवतेय का, 'भला उसकी साडी मेरी साडी से सफेद कैसे'? म्हणजे शेजारणीशी स्पर्धा, ती पण पांढरेपणाची. प्रेस्टिजची तर थेट नवऱ्याला साद, बायकोवर प्रेम असेल तर नाही कसं म्हणाल. कुकर तिच्यासाठी, बोलणं त्याच्याशी, कारण पाकीट त्याच्या खिशात! कपडे पुरुषांनी पण धुवावेत म्हणायला एरियलवाल्यांना २०१५ उजाडलं.

शिलाई मशीनचं मात्र वेगळं सांगते. उषाची एक जुनी इंग्रजी जाहिरात नेटवर फिरत असते, मुलीला आदर्श गृहिणी बनवायचं तर शिवण शिकवा अशा अर्थाची. आमच्या आजीकडे पायाचं मशीन होतं. आजोबा लवकर गेले आणि ती चाळीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज, परकर, फॉल लावून द्यायची, त्यावर तीन पोरांच्या फिया भरल्या. मशीनच्या खणात कायम एक वही, कोणाचे किती बाकी ते. आदर्श गृहिणी वगैरे कसलं, धंदा होता तो. जाहिरातीतली मुलगी मात्र बाहुलीसारखी बसलीये.

निवांत७२:
हे पटलं. वहीचा फोटो असेल तर टाका ना.

मधली_सुट्टी:
सगळ्यांचं वाचून आजीला विचारलंच, तुमच्याकडे कुठली पावडर होती म्हणून. तर म्हणाली, पावडर फक्त चांगल्या कपड्यांना, बाकी सगळं बारच्या साबणानं, आणि धुवायला बाई यायची. मग लक्षात आलं की तो आख्खा गठ्ठा चाळला पण धुणंवाली एकाही चित्रात नाही, आमच्यासारख्या कितीतरी घरांत कपडे तीच धुवायची तरी!! आजी पुढे म्हणते, पावडरचा डबा मी बाईच्या हाती देत नसे, कपाटात ठेवायचे आणि चमच्यानं मोजून काढून द्यायचे, चादरी असतील तर दोन चमचे, आणि ती रोज म्हणायची वहिनी अजून अर्धा घाला. मी म्हटलं मग घालायचीस का? तर आजी म्हणाली, छे, ती मागतेय म्हणूनच नाही.