शब्दचर्चा : 'सीरियलायझेशन'ला काय म्हणावे?

प्रश्न : आरडीएफ पद्धतीच्या, म्हणजे तीन पदांच्या विधानांत ('त्रिकां'त) मांडलेल्या, आलेख-माहितीची द्विमान (बायनरी) साठवण आणि तिचे जलद वहन यांवर मराठीत लेख लिहीत आहे. 'सीरियलायझेशन'साठी, म्हणजे अशी माहिती साठवण्या-पाठवण्यासाठी बाइटांच्या ओळीत मांडण्यासाठी, 'क्रमिकीकरण' चालेल का? त्रिकातील तीन पदांना 'उद्देश्य, विधेय, कर्म' म्हणावे का?

प्रतिसाद : 'क्रमिकीकरण' चुकीचे नाही, परंतु क्रम कशाचा हे स्पष्ट केले नाही तर वाचक फसेल. आरडीएफ आलेखातील विधानांना क्रम नसतोच. तीच त्रिके मागेपुढे करून लिहिली तरी आलेख तोच राहतो. क्रम लागतो तो बाइटांना. त्यामुळे मी 'ओवणी' सुचवेन आणि उलट क्रियेला 'उकल' म्हणेन. 'विधेय' मात्र टाळावे. 'मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी आहे' या वाक्यात 'मुंबई' वगळता उरलेले सारे आपले व्याकरण विधेयात धरते, तर त्रिकातील मधले पद केवळ संबंध सांगते. 'उद्देश्य, संबंध, लक्ष्य' अधिक नेमके ठरेल.

प्रश्न : आणि 'प्रवाही' (माहिती येईल तशी लगेच पुढे पाठवणारे) हे विशेषण सर्वच द्विमान स्वरूपांना लावता येईल का?

प्रतिसाद : नाही. २०११ साली डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानके ठरवणाऱ्या संस्थेकडे सादर झालेले एचडीटी हे द्विमान स्वरूप आधी सर्व पदांचा कोश रचते, म्हणजे संपूर्ण माहिती हाती आल्याशिवाय लेखन सुरू करता येत नाही. प्रोटोकॉल बफर्स या द्विमान संदेश-पद्धतीवर उभारलेल्या 'जेली' या दुसऱ्या स्वरूपात हा कोश चालता चालता भरला जातो. विकिडेटा या खुल्या माहितीसंचातील प्रत्येक वस्तूच्या पत्त्याचा आरंभीचा भाग ३१ अक्षरांचा असतो. जेली तो एकदाच पाठवते आणि पुढे केवळ त्याचा क्रमांक देते. लगेच तोच भाग पुन्हा आला तर क्रमांक शून्य धरतात आणि हे शून्यही प्रत्यक्ष लिहिले जात नाही! मागील त्रिकाचेच उद्देश्य पुन्हा आले तर तेही गाळले जाते.

या काटकसरीची किंमत अशी की मधलीच 'फ्रेम' (जेली ज्या तुकड्यांत माहिती पाठवते त्यांपैकी एक) उचलून तिची उकल करता येत नाही, कारण तिच्यातील क्रमांक आधीच्या फ्रेममध्ये भरलेल्या कोशाकडे बोट दाखवतात. एन-ट्रिपल्स या दर ओळीत एक त्रिक लिहिणाऱ्या साध्या मजकूर-स्वरूपाची कोणतीही ओळ मात्र सुटी वाचता येते. जेलीत फ्रेमचा क्रम असा महत्त्वाचा असल्याने येथे 'क्रमिकीकरण'वाल्यांचे म्हणणे काही अंशी मान्य करावे लागते. 'फ्रेम'ला 'चौकट' म्हणण्याऐवजी मी 'खेप' म्हणेन, कारण खेपा एकामागून एक येतात आणि 'मागची खेप पोचली का?' हे विचारणे तेथे स्वाभाविक वाटते.